‘बूटएमजीआर इज कॉम्प्रेस्ड’ दिसलं? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीत लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत. जुने मराठी फॉन्ट, पत्रिकांचे मायने, सगळं एकाच मशीनवर, त्यामुळे जुनं विंडोज एक्सपी सुटत नव्हतं. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला आणि काकांनी हिंमत करून विंडोज ७ टाकलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या सकाळी काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: ‘बूटएमजीआर इज कॉम्प्रेस्ड’. ऐन लग्नसराई. शेजारच्या मुलानं निकाल देऊन टाकला, “फॉरमॅट मारावा लागेल,” म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डिस्क शाबूत आहे, डेटा जागेवर आहे, अडलंय ते एका फाइलपाशी. “काका, आदल्या रात्री काय केलंत?” असं मी विचारल्यावर उत्तर आलं, “जागा संपली म्हणून सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ती कॉम्प्रेसची टिक केली.” म्हणजे जागा वाचवायला फाइली आवळून ठेवण्याची सोय.

मशीन सुरू होताना डिस्कच्या सुरुवातीच्या बूट सेक्टरमधला इवलासा कोड बूटएमजीआर ही विंडोज सुरू करून देणारी फाइल उचलतो. कॉम्प्रेस केलेली फाइल उलगडणं त्याला येत नाही. कोऱ्या डिस्कवर विंडोज ७ टाकलं, तर ते बूटएमजीआरसाठी १०० एमबीचा वेगळा कप्पा करतं, तिथे ही टिक पोचत नाही. जुन्याच पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या आधीपासूनच्या कप्प्यात, टाकलं की ती फाइल सी ड्राइव्हमध्येच बसते आणि सापडते कचाट्यात.

दुरुस्तीतही लोक एका ठिकाणी हमखास घसरतात. विंडोजच्या डीव्हीडीवरून बूट करायचं, ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडायचा, आणि आधी ड्राइव्हची अक्षरं तपासायची. इथे तुमचा सी कधीकधी डी होऊन बसतो. बरेच जण मग लगेच डीव्हीडीवरची नवी बूटएमजीआर कॉपी करतात आणि रीस्टार्ट करतात. पुन्हा तीच ओळ! कारण ड्राइव्हच्या मुळाशी कॉम्प्रेसची खूण शिल्लक असते आणि तिथे येणारी प्रत्येक नवी फाइल ती खूण घेऊनच जन्मते. म्हणून आधी खूण काढा. फोनवर मी असं सांगतो: “कॉम्पॅक्ट, स्पेस, स्लॅश यू, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश, एंटर.” कमांड सापडली नाही, तर तुमच्याच विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधून चालवा. मग जुनी बूटएमजीआर लपवलेली आणि रीड-ओन्ली असते, तिची ती बंधनं काढून नाव बदला आणि डीव्हीडीवरची फाइल आणा. काकांचं मशीन एवढ्यावर उठलं.

ते उठलं की उत्साहाच्या भरात अख्ख्या ड्राइव्हची टिक काढू नका. दाबलेल्या फाइली उलगडताना फुगतात. रिकामी जागा नसेल तर काम अर्ध्यात अडकतं, आणि यूपीएस नसताना वीज गेली तर देवच वाली. आधी जागा करा. काकांची जागा खाल्ली होती ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरनं: एक्सपीवरून सातवर थेट अपग्रेड नसतं, कस्टम इन्स्टॉल करावं लागतं, आणि फॉरमॅट न करता केलं की जुनं विंडोज त्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. त्यातले फॉन्ट आणि कागदपत्रं बाहेर काढून डिस्क क्लीनअपनं ते उडवलं, तर कॉम्प्रेसची गरजच पडत नाही. तशीही जेपीजी, एमपी३ या फाइली मुळातच आवळलेल्या, त्यात काय वाचणार?

एक फारच जुनं प्रकरण, पण माळ्यावरच्या मशीनमध्ये अजून निघतं. विंडोज ९५ किंवा ९८ मध्ये ड्राइव्हस्पेस, म्हणजे ड्राइव्ह आवळून जागा वाढवणारी सोय, वापरलं असेल, तर तुमचा सगळा ड्राइव्ह म्हणजे एकच लपलेली भलीमोठी फाइल असते, नावाच्या शेवटी ०००. विंडोज २००० आणि एक्सपीला ती वाचता येत नाही. “ही कसली कचरा फाइल” म्हणून ती उडवली की घरादाराचे फोटो गेले. डेटा ९८ मध्येच बाहेर काढा, मगच पुढचं विंडोज टाका.

काकांनी आता त्या टिकचा स्क्रीनशॉट छापून त्यावर लाल फुली मारली आहे आणि तो कागद कटिंग मशीनच्या वर चिकटवलाय.