गोमूत्र फवारताय? या चुका टाळा

इंदूरच्या गच्चीबागांत गोमूत्राबद्दलची तक्रार बहुधा एकच: फवारलं आणि पानांच्या कडा करपल्या. चूक मापाची असते, नाहीतर शिळेपणाची.

गोमूत्रात साधारण ९५ टक्के पाणी आणि अडीच टक्के युरिया. बाकी पोटॅश, सोडियमचे क्षार वगैरे. साठवलं की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात. डोळ्यांत पाणी आणणारा वास आला की समजा, नत्र हवेत उडतंय आणि द्रव पानांना झोंबणारा झालाय. म्हणून फवारणीला ताजंच घ्या, फडक्यातून गाळा. एक लिटर पाण्याला १०० मिली, कोवळ्या रोपांना ५० मिली. वेळ संध्याकाळची, मे महिन्याच्या दुपारी फवारणं म्हणजे पानं भाजणंच. शिळं गोमूत्र टाकून देऊ नका, वीसपट पाण्यात मिसळून मुळांशी घाला, तेही माती ओली असताना. त्यात राख कालवू नका, अमोनिया आणखी उडतो. तांब्या-पितळेचं भांडं नको, प्लॅस्टिकचं चालेल.

पूजासाहित्याच्या दुकानातला गोमूत्र अर्क झाडांना घालणं हा पैशांचा चुराडा. ऊर्ध्वपातनात क्षार मागे भांड्यातच राहतात, बाटलीत येते ती वाफ.

जास्वंद नुसतीच पानांनी भरली, कळी नाही? गोमूत्रात स्फुरद, म्हणजे कळ्यांना लागणारं फॉस्फरस, नगण्य असतं. महिनाभर ते थांबवा आणि शेणखत, हाडांचा चुरा द्या.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं जिवाणूंचं खत, बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळे. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जिवाणू मारतं. बादली रात्रभर उघडी ठेवा. मग २० लिटरला एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी २०० ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. सावलीत ४८ तास ठेवा, दिवसातून दोनदा ढवळा. वर गोणपाट टाका. घट्ट झाकण लावलं की कुजका वास येतो. आठवड्याच्या आत संपवा.

इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे सोयाबीन पेरत असाल तर बियाणं बीजामृतात (पेरणीआधी बियाण्याला लावायचं शेण-गोमूत्राचं द्रावण) बुडवू नका. साल पातळ, लगेच सुटते. नुसता शिपका द्या, हलक्या हाताने चोळा, सावलीत वाळवा.

आयुर्वेदात बचनाग या विषारी मुळीच्या शोधनाला, म्हणजे विष कमी करायला, गोमूत्र वापरतात, पण ते वैद्याचं काम. कच्चं पिऊ नका. लेप्टोस्पायरा हे रोगजंतू गुरांच्या मूत्रातूनही पसरतात, म्हणून हाताला जखम असेल तर फवारतानाही मोजे घाला.