256 च्या पुढचा आकडा घेऊन गळती तपासा

मीटरची रीडिंग वाचून पायथनला यादी देणारं एक छोटं सी एक्स्टेन्शन, म्हणजे पायथनला जोडायचा सी भाषेतला भाग, मी लिहिलं होतं. टेस्ट सगळ्या हिरव्या, पण प्रोसेस चालू राहिली की मेमरी चढतच जायची (घेतलेली मेमरी परत न सोडणं, हीच गळती) आणि दर सोमवारी कुणीतरी ती मुकाट्याने रीस्टार्ट करायचं. दोन दिवस शोधलं. गाढवपणा माझाच निघाला.

तुमच्याकडे असं झालं तर आधी मेमरी कुठे घेतली ते नोंदवणारा ट्रेसमॅलॉक लावा. 3.4 पासून तो पायथनसोबतच येतो. दोन स्नॅपशॉट घ्यायचे, मध्ये कामाचं फंक्शन हजारदा चालवायचं आणि फरक बघायचा. तो पायथनची ओळ दाखवतो, सीची नाही. पण कुठल्या कॉलमागे चोर आहे ते कळतं. तुम्ही सीचं मेमरी मागायचं फंक्शन मॅलॉक थेट वापरत असाल, तर ती मेमरी त्याला दिसणारच नाही.

मग सीचा कोड उघडा आणि प्रत्येक रेफरन्सचा मालक कोण ते कागदावर लिहा. खरंच कागदावर. पायथन प्रत्येक ऑब्जेक्टचे रेफरन्स, म्हणजे त्याला धरून असलेले दुवे, मोजतो; हा काउंट शून्य झाला की मेमरी सुटते. माझं असं होतं: पायलाँग_फ्रॉमलाँगने आकडा बनवला, काउंट 1, मालक मी. पायलिस्ट_अपेंडने तो यादीत टाकला आणि स्वतःसाठी एक वाढवला, काउंट 2. यादी मेली, काउंट 1. आता हा उरलेला 1 सोडणार कोण? अपेंडनंतर काउंट एकने कमी करणारं पाय_डेक्रेफ लिहायचं मी विसरले होते. असा एक आकडा 28 बाइटचा, मेमरी वाटणारा ॲलोकेटर त्याला 32 देतो. तासाला लाख रीडिंग धरली तर आठवड्यात अर्ध्या जीबीच्या वर जातं.

यादीतल्या ठरावीक जागी ऑब्जेक्ट ठेवणाऱ्या पायलिस्ट_सेटआयटमचा व्यवहार याच्या उलटा. ते तुमचाच रेफरन्स स्वतःकडे ठेवून घेतं, अगदी अयशस्वी झालं तरी. तिथे डेक्रेफ केलंत तर गळती नाही, क्रॅश मिळेल, आणि तोही भलत्याच ठिकाणी. इथे तर्क चालवू नका, दर वेळी मॅन्युअल बघा. क्रॅशच येत असेल तर पायथनमॅलॉक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल डीबगवर ठेवा. 3.8 पासून सोडलेल्या मेमरीत डीडी बाइट भरले जातात, त्यामुळे जीडीबी या डीबगरमध्ये डीडीडीडी अशी रांग दिसली की मेलेल्या ऑब्जेक्टला हात लावलाय हे लगेच ओळखता येतं.

चुकांच्या वाटाही तपासा. चूक झाली म्हणून मध्येच नल (रिकामा पॉइंटर) परत करणारे रिटर्न हे गळतीचं माहेरघर. मी आता फंक्शनच्या शेवटी एकच एरर लेबल ठेवते, सगळे पॉइंटर सुरुवातीला नल करते आणि तिथे नल चालवून घेणारं पाय_एक्सडेक्रेफ लावते. त्या लेबलवर उडी मारणाऱ्या गोटूला नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत.

पक्की खात्री डीबग बिल्डवरच, म्हणजे जास्तीच्या तपासण्या असलेल्या पायथनवरच, होते. पायथन विथ-पायडीबग पर्यायाने बांधा आणि एक्स्टेन्शनही त्याच बिल्डवर पुन्हा कंपाइल करा, नाहीतर तुमची डेक्रेफ मोजलीच जात नाहीत आणि नसलेली गळती दिसते. फंक्शन तीनदा नुसतं चालवा, म्हणजे कॅश भरतील. त्यानंतर प्रत्येक फेरीआधी आणि नंतर सगळ्या रेफरन्सची बेरीज देणारं सिस.गेटटोटलरेफकाउंट बघा. फरक दर फेरीला तेवढाच वाढत असेल, तर गळती आहे.

मग माझ्या टेस्टला ती का सापडली नव्हती? मी 1 ते 10 असे गोंडस आकडे दिले होते. उणे 5 ते 256 हे पूर्णांक पायथन आधीच बनवून ठेवतो. ते कितीही गळले तरी मेमरी वाढत नाही. 3.12 पासून तर ते अमर आहेत, म्हणजे त्यांचा काउंट हलतच नाही आणि डीबग बिल्डही शून्यच दाखवतो. माझ्या टेस्टमधलं पहिलं रीडिंग आता 70001 आहे, आणि शेजारी कॉमेंट: 'लहान करू नये'.