ऑनलाइन दुकानासाठी प्लॅटफॉर्म कसा निवडावा आणि तो कसा चालवावा

ऑनलाइन दुकान सुरू करायचे ठरले की बहुतेकांचे सुरुवातीचे दिवस थीम, म्हणजे दुकानाच्या तयार मांडण्या, पाहण्यात जातात. दुकान पुढे ज्या गोष्टींवर अडते, त्या मात्र थीममध्ये दिसत नाहीत. एका वस्तूचे किती प्रकार नोंदवता येतात, पैसे जमा झाले पण ऑर्डर नोंदली गेली नाही तर काय होते, अर्धाच माल परत आला तर हिशेब कसा जुळतो आणि उद्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचे झाल्यास आपली माहिती सोबत नेता येते का, हे खरे प्रश्न आहेत. म्हणून आपल्याकडची सर्वांत किचकट वस्तू निवडावी, तिची एक ऑर्डर पैसे परत करण्याच्या टप्प्यापर्यंत चालवून पाहावी आणि त्यात जो प्लॅटफॉर्म टिकेल तोच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

भाड्याचे की स्वतःचे

ढोबळमानाने दोन वाटा आहेत. शॉपिफाय, बिगकॉमर्स किंवा विक्स यांसारख्या सेवांमध्ये सर्व्हर, सुरक्षा आणि अपडेट ही सगळी जबाबदारी कंपनीची असते आणि आपण ठरावीक मुदतीने वर्गणी भरतो. वूकॉमर्स, प्रेस्टाशॉप, ओपनकार्ट किंवा मॅजेंटोची मुक्त आवृत्ती घेतली, तर सॉफ्टवेअर विनाशुल्क मिळते. पण होस्टिंग (साइट ठेवण्यासाठी सर्व्हरवरची जागा), बॅकअप आणि रात्री-अपरात्री बंद पडलेली साइट पुन्हा सुरू करणे हे सारे आपल्याकडे येते. वूकॉमर्स हे वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारे प्लगिन, म्हणजे त्याला जोडायचा भाग, आहे, त्यामुळे ज्यांची साइट आधीपासून वर्डप्रेसवर आहे त्यांना ते सोयीचे वाटते. मात्र वर्डप्रेसवर लेख टाकता येणे आणि वर्डप्रेसवर दुकान सांभाळता येणे यांत बराच फरक आहे. तांत्रिक बाजू पाहणारी व्यक्ती हाताशी नसेल, तर पहिल्या वर्षी भाड्याची सेवाच घ्यावी.

वर्गणीचा आकडा हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. शॉपिफायमध्ये त्यांच्या स्वतःच्या पेमेंट सेवेऐवजी बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) जोडल्यास गेटवेच्या शुल्काखेरीज प्रत्येक व्यवहारामागे वेगळे शुल्क द्यावे लागते, आणि त्यांची पेमेंट सेवा सर्व देशांत उपलब्ध नाही. दोन्ही वाटांवर अॅप किंवा प्लगिन यांची वार्षिक वर्गणी साठत जाते. त्यामुळे पहिल्या महिन्याचा खर्च पाहून निर्णय न घेता, अपेक्षित विक्री धरून पूर्ण वर्षाचा हिशेब मांडावा.

प्लॅटफॉर्मचे आयुष्यही पाहावे. मॅजेंटो २००८ मध्ये आले आणि २०१८ मध्ये अडोबीने ते विकत घेतले. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा अधिकृत आधार, म्हणजे कंपनीकडून अपडेट मिळणे, जून २०२० मध्ये थांबला. दुसऱ्या आवृत्तीची रचना इतकी वेगळी होती की जुन्या थीम आणि एक्स्टेन्शन (प्लगिनसारखे जोडभाग) तिच्यावर चालत नव्हते, आणि अनेकांना दुकान जवळजवळ नव्याने बांधावे लागले. आवृत्ती निवडताना तिचा आधार किती काळ मिळणार आहे, हे आधीच वाचून घ्यावे.

सर्वांत किचकट वस्तू आधी नोंदवा

चाचणीच्या काळात सोप्या वस्तू भरण्यात वेळ घालवू नये. समजा, एका शर्टचे ५ आकार, ८ रंग आणि ३ कापडे आहेत. म्हणजे १२० व्हेरिएंट, अर्थात एकाच वस्तूचे वेगवेगळे प्रकार, झाले. शॉपिफायवर कित्येक वर्षे एका वस्तूला १०० व्हेरिएंटची मर्यादा होती, म्हणजे हा शर्ट एका पानावर मावलाच नसता. आता ती मर्यादा २०४८ पर्यंत गेली आहे, तरी एका वस्तूला पर्याय मात्र तीनच देता येतात. आकार, रंग आणि कापड यांच्यापुढे बाहीचा प्रकारही निवडू द्यायचा असेल, तर अॅप शोधावे लागते किंवा वस्तूचे दोन भाग करावे लागतात. वजनावर विकला जाणारा माल, अनेक वस्तूंचा संच, नाव कोरून द्यायची वस्तू किंवा घाऊक ग्राहकाला वेगळा दर, यांपैकी जे आपल्याला लागू असेल ते याच टप्प्यावर करून पाहावे.

प्रत्येक व्हेरिएंटला स्वतंत्र एसकेयू (आपण ठरवलेला ओळख-संकेतांक) द्यावा आणि तो एकदा दिला की बदलू नये, कारण साठा, परतावा आणि पुढचे स्थलांतर या तिन्ही ठिकाणी वस्तू ओळखण्याची खात्रीची खूण तीच असते. सीएसव्ही फाइलमधून (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमधून) माल भरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. स्प्रेडशीटमध्ये १३ अंकी बारकोड आपोआप संक्षिप्त रूपात दिसू लागतो आणि सुरुवातीचे शून्य गळते, म्हणून तो स्तंभ आधीच मजकूर स्वरूपात ठेवावा. दुसरे म्हणजे, शॉपिफायच्या फाइलमध्ये एका वस्तूच्या प्रत्येक व्हेरिएंटची वेगळी ओळ असते आणि त्या ओळी एकाच हँडलने, म्हणजे वस्तूच्या पत्त्यातील नावाने, बांधलेल्या असतात. फाइलची क्रमवारी बदलून ती पुन्हा चढवली, तर व्हेरिएंट आणि छायाचित्रे यांची फाटाफूट होऊ शकते.

एक ऑर्डर शेवटपर्यंत

गेटवेच्या चाचणी मोडमध्ये एक ऑर्डर द्यावी, पैसे भरावेत आणि दुकानाच्या पानावर परत येण्याआधीच ब्राउझरचा टॅब बंद करावा. ग्राहक असे नेहमी करतात; मोबाइलचे नेटवर्क तुटले तरी हेच घडते. अशा वेळी पैसे मिळाल्याची खबर दुकानापर्यंत पोहोचते ती वेबहुकमधून, म्हणजे गेटवेच्या सर्व्हरने आपल्या सर्व्हरला थेट पाठवलेल्या संदेशातून. वेबहुक नीट जोडलेला नसेल, तर वूकॉमर्समध्ये ती ऑर्डर पेंडिंग पेमेंट या स्थितीतच राहते. साठ्याची नोंद चालू असेल आणि साठा राखून ठेवण्याची मुदत मूळच्या ६० मिनिटांवरच असेल, तर तासाभराने ऑर्डर आपोआप रद्द होते आणि तो माल पुन्हा विक्रीला खुला होतो. ग्राहकाचे पैसे मात्र गेलेले असतात. ही एकच चाचणी केली तरी पुढच्या बऱ्याच तक्रारी टळतात.

त्यानंतर एकच नग उरलेली वस्तू दोन ब्राउझरमधून एकाच वेळी घेण्याचा प्रयत्न करावा. कार्टमध्ये वस्तू टाकली म्हणजे ती आपल्यासाठी राखली गेली, असा ग्राहकांचा समज असतो. प्रत्यक्षात सर्वसाधारणपणे तसे होत नाही. साठा नेमका कोणत्या क्षणी कमी होतो, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

मग तीन वस्तूंच्या ऑर्डरमधील एका वस्तूचा परतावा करावा. वूकॉमर्सच्या परताव्याच्या पडद्यावर दोन बटणे असू शकतात: एक गेटवेमार्फत पैसे परत करण्याचे आणि दुसरे हाताने परतावा नोंदवण्याचे. दुसरे बटण केवळ नोंद करते, पैसे पाठवत नाही. शिवाय वस्तू पुन्हा साठ्यात घ्यायची की नाही याची चौकट तिथेच असते, आणि खराब होऊन आलेल्या मालासाठी ती खूण काढावी लागते. ऑर्डर हाताळणाऱ्या प्रत्येकाला हा पडदा एकदा समोर बसवून दाखवावा.

कार्डाचा क्रमांक कधीही आपल्या सर्व्हरवर येऊ देऊ नये. गेटवेचे स्वतःचे पान किंवा आपल्या पानात बसणारी त्याची चौकट वापरल्यास पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाखालील आपल्यावरचा भार बराच हलका होतो, पूर्ण मात्र संपत नाही.

दुकान चालू झाल्यावर

स्वतःच्या होस्टिंगवर दुकान असेल, तर बॅकअपचा विचार साध्या साइटपेक्षा वेगळा करावा लागतो. लेखांच्या साइटवर कालचा बॅकअप परत आणला तर फारसे बिघडत नाही. दुकानात तेच केले तर आजच्या सर्व ऑर्डर पुसल्या जातात, आणि पैसे दिलेल्या ग्राहकांची आपल्याकडे नोंदच उरत नाही. म्हणून डेटाबेसचा बॅकअप दिवसातून अनेकदा घ्यावा, तो वेगळ्या ठिकाणी ठेवावा आणि तो खरोखर परत आणता येतो का, हे अधूनमधून करून पाहावे. अपडेट आधी स्टेजिंग प्रतीवर, म्हणजे दुकानाच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर, चालवावेत, पण स्टेजिंगचा डेटाबेस चालू दुकानावर कधीही चढवू नये, कारण त्यातही मधल्या काळातील ऑर्डर जातात. कार्ट, चेकआउट आणि ग्राहकाच्या खात्याची पाने कॅशेमधून (वेगासाठी साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रतींमधून) वगळावीत. ती वगळली नाहीत, तर एकाची माहिती दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो.

वूकॉमर्समध्ये पूर्वी ऑर्डर वर्डप्रेसच्या लेखांच्याच तक्त्यांत साठवल्या जात. ऑक्टोबर २०२३ मधील ८.२ या आवृत्तीपासून नव्या दुकानांत त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ते वापरले जातात. जुने प्लगिन घेण्याआधी ते या रचनेशी जुळते का, हे तपासावे. आणि प्लगिन मोजकेच ठेवावेत.

प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते आणि कामापुरतीच परवानगी द्यावी. माल पॅक करणाऱ्याला परतावा करण्याचा अधिकार लागत नाही.

बाहेर पडण्याची वाट

वस्तू, ग्राहक आणि ऑर्डर यांची निर्यात कशी होते, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. सीएसव्हीमध्ये सहसा छायाचित्रांचे फक्त पत्ते येतात, म्हणून मूळ छायाचित्रे एसकेयूच्या नावाने स्वतःकडे जपावीत. शॉपिफायमधून ग्राहकांचे पासवर्ड बाहेर काढता येत नाहीत, त्यामुळे स्थलांतरानंतर त्यांना नव्याने खाते सुरू करण्याचा संदेश पाठवावा लागतो. पानांचे पत्तेही बदलतात: शॉपिफायमध्ये वस्तूच्या पत्त्यात प्रॉडक्ट्स हा शब्द सक्तीचा असतो, तर वूकॉमर्समध्ये मूळ मांडणीत प्रॉडक्ट असतो. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ रीडायरेक्ट (कायमचे आपोआप वळवणे) लावावा, अन्यथा शोधयंत्रांतून येणारे ग्राहक सापडत नसलेल्या पानावर पोहोचतात. जुने खाते मात्र लगेच बंद करू नये. शेवटच्या ऑर्डरची परताव्याची मुदत संपेपर्यंत आणि सर्व छायाचित्रे नव्या जागी उघडत असल्याची खात्री होईपर्यंत ते चालू ठेवावे.