एसक्यूएल सर्व्हरची एमडीएफ फाइल लॉक झाली तर

एमडीएफ म्हणजे डेटाबेसची मुख्य डेटा फाइल. ती उघडत नसेल तर आधी एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा एरर क्रमांक बघा. 32 म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोसेसने धरून ठेवली आहे. 5 म्हणजे लॉक नाहीच, परवानगी नाही.

32 असेल तर विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबवर, असोसिएटेड हँडल्समध्ये फाइलचं नाव शोधा. बहुतेकदा अँटिव्हायरस किंवा बॅकअपचा एजंट सापडतो. अँटिव्हायरसच्या तपासणीतून एमडीएफ, एनडीएफ (जादा डेटा फाइल), एलडीएफ (व्यवहारांची लॉग फाइल) वगळा, मग डेटाबेस ऑनलाइन करा. खुद्द सर्व्हरनेच फाइल धरली असेल तर ते योग्यच आहे: कॉपी हवी तर बॅकअप घ्या, हलवायचीच असेल तर आधी डेटाबेस ऑफलाइन करा.

5 अनेकदा डिटॅचनंतर, म्हणजे डेटाबेस सर्व्हरपासून वेगळा केल्यावर येतो, कारण फाइलचे हक्क डिटॅच करणाऱ्या खात्याकडे जातात. एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस ज्या खात्यावर चालते, त्याला फाइलवर फुल कंट्रोल द्या. घाईत एलडीएफ मात्र कधीच डिलीट करू नका.