परड्यातल्या कोंबड्यांना मानमोडीपासून कसं वाचवावं

आषाढ लागला की कोल्हापुरात कोंबड्यांची ये-जा वाढते. टेंबलाईला पंचगंगेचं नवं पाणी वाहायचं असतं, गल्लोगल्ली जत्रा असतात, पाहुण्यांसाठी तांबडा-पांढरा शिजत असतो. बाजारातून आणलेली कोंबडी जत्रेआधी एखादी रात्र घरच्यांबरोबर खुराड्यात राहते. मग आठवडाभरात घरच्या कोंबड्या माना टाकायला लागल्या की लोक म्हणतात, "हवा बदललीया." निव्वळ हवेनं कोंबड्या अशा पटापट मरत नाहीत. रोग बाहेरून येतो, आणि बहुतेक वेळा आपणच तो आणलेला असतो.

आधी ओळखा

मानमोडी म्हणजे राणीखेत. विषाणू अंगात शिरल्यापासून बहुधा पाच-सहा दिवसांत लक्षणं दिसतात. कधी २, तर कधी १५ दिवसही लागतात. कोंबडी पिसं फुगवून कोपरा धरते, हिरवट पातळ हगते, चोच उघडून घरघरत श्वास घेते. अंडी घटतात, काहींचं कवच मऊ येतं. ज्या तगतात त्यांची मान पिळवटते, पाय नाहीतर पंख लुळा पडतो. लस नसेल तर सगळं खुराडं रिकामं होऊ शकतं.

देवी वेगळी. तुऱ्यावर, गलोलावर (चोचीखाली लोंबणाऱ्या कातडीवर), डोळ्यांभोवती खपल्या येतात. हा रोग डासही पसरवतात, म्हणून पावसाळ्यात परड्यातले जुने टायर आणि डबे पालथे करून ठेवा. खपल्या उपटू नका. त्यांत विषाणू बरेच दिवस टिकतो. मात्र तोंडात पिवळट थर धरला तर कोंबडी खाणं सोडते आणि दगावते.

बर्ड फ्लूतही अचानक मर होते, तोंड सुजतं, तुरा निळसर पडतो. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात तो आला होता. नुसतं बघून राणीखेत की बर्ड फ्लू हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

लस: इथं कंटाळा नको

या रोगांवर औषध नाही. मेडिकलमधल्या गोळ्या पाण्यात विरघळवून पाजणारे पुष्कळ आहेत, पण अँटिबायोटिक विषाणूला काही करत नाही. खरा आधार लसीचाच.

पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की राणीखेतची लासोटा किंवा एफ-वन लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिल्लांच्या विषाणू रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांना आर-टू-बी ही राणीखेतचीच लस, कातडीखाली अर्धा मिली. आर-टू-बी जरा कडक लस आहे, ती लहान पिल्लांना देऊ नका. पुढचे डोस कधी, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

अडचण अशी की लसीची बाटली शंभराच्या आसपास डोसांची, आणि आपल्याकडे कोंबड्या बारा. एकट्यानं आणली तर उरलेली फुकट जाते, म्हणून लोक आणतच नाहीत. त्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच घरांनी दिवस ठरवावा. रोग कुंपण बघत नाही, त्यामुळे शेजारच्याच्या कोंबड्यांना लस झाली तर त्यात आपलाही फायदा.

लस २ ते ८ अंश थंडीत राहायला हवी. दुकानातून आणताना थर्मासमध्ये बर्फ घाला. गाडीच्या डिकीत ठेवलीत तर घरी पोचेपर्यंत तिचं पाणी झालेलं असतं. पहाटे किंवा तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात असतानाच द्या. लस सोबतच्या द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवा. एकानं पिल्लू मुठीत धरून मान आडवी करावी, दुसऱ्यानं डोळ्यात थेंब सोडावा. पिल्लानं डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत सोडू नका, नाहीतर ते मान झटकतं आणि लस जमिनीवर. नंतर हात साबणानं धुवा. लस आपल्या डोळ्यात गेली तर डोळे येतात. आजारी कोंबडीला लस देऊ नये. जंताचं औषध आठवडाभर आधी देऊन ठेवलेलं बरं.

बाहेरचं बाहेर

बाजारची कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा, तिचं भांडंही वेगळं. दाणापाणी आधी घरच्यांना, मग तिला. जत्रेच्या कोंबडीचं तर घरच्यांत काही कामच नाही. चिकनच्या दुकानातली पिसं, आतडी, धुतलेलं पाणी उकिरड्यावर टाकू नका. कोंबड्या पहिल्यांदा तिथंच चोच मारतात. खुराड्यासाठी चपला वेगळ्या ठेवा.

मर लागलीच तर

आजारी कोंबड्या लगेच वेगळ्या करा. उरलेल्या घाईनं विकू नका, नातेवाइकांकडेही पाठवू नका. रोग दुसऱ्या गावात जातो तो असाच. दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा. मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं शिवू नका, ओढ्यातही फेकू नका. विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, वर दगड ठेवा, नाहीतर कुत्री उकरतात. पण बर्ड फ्लूचा संशय असेल तर डॉक्टर येईपर्यंत थांबा, नमुने लागतात.

खुराडं आधी खरवडून साबणाच्या पाण्यानं धुवा, मगच ब्लीचिंग पावडरचं पाणी मारा. विष्ठेवरच मारलं तर ते काम करत नाही. ऊन लागू द्या, आणि महिनाभर तरी नवी कोंबडी आणू नका. मग आणाल तेव्हा मॅरेक्स या कोंबड्यांच्या आणखी एका विषाणू रोगाची पहिल्या दिवशीची लस झालीय का, हे पिल्लं देणाऱ्याला विचारा.