गोव्यातून हातची वस्तू न्यायची असेल तर

आमच्या घरी डिचोलीला पुण्या-मुंबईचे पाहुणे बारा महिने येत-जात असतात. हणजुणे-कळंगुट करून परतले की प्रत्येकाच्या हातात तेच: आरसे लावलेली पिशवी, शिंपल्यांचे तोरण, ‘गोवा’ कोरलेले लाकडी किचेन. पिशवीला मी नावे ठेवत नाही. ते भरतकाम बहुतेक लमाणी बायकांच्या हातचे असते, मेहनतीचे असते, पण ते कर्नाटकातले. गोव्याचे म्हणून काही न्यायचे असेल तर माझी कसोटी एकच: ही वस्तू इथले कुटुंब स्वतःच्या घरासाठी पैसे मोजून घेते का? घेत असेल तर ते कुठे आणि कधी घेते, तिथे आणि तेव्हाच जायचे.

म्हणजे आधी वार बघा. म्हापशाचा बाजार शुक्रवारी, डिचोलीचा बुधवारी. हणजुण्याचे फ्ली मार्केटही बुधवारीच भरते, तेव्हा काय ते ठरवा. सकाळी लवकर पोचा. मडकी, सुपे, रोवळ्या घेऊन येणाऱ्या बायका दुपारच्या उन्हापर्यंत थांबत नाहीत. वारापेक्षाही हंगाम मोठा. ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचे फेस्त, म्हणजे तिथल्या चर्चची जत्रा, असते. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आमचे पुरुमेंत, भरायचे तेच दिवस, त्यामुळे मातीची भांडी आणि बांबूचे काम तेव्हा भरपूर उतरते. दुसरा हंगाम चतुर्थीच्या आधीचा.

घुमट, म्हणजे आरतीला वाजवायचे मातीचे वाद्य, हवे असेल तर हा दुसरा हंगाम चुकवू नका. इतर वेळी शोधाशोध करावी लागते, चतुर्थीच्या तोंडावर मात्र आरतीवाली पोरे स्वतःच घुमटे बघत, वाजवत फिरत असतात. त्यांच्या मागे उभे राहिलात तरी निम्मे शिक्षण होते. मातीच्या या भांड्याला दोन तोंडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, लहान तोंड उघडे. उजवा हात चामड्यावर पडतो, डावा लहान तोंडाची उघडझाप करतो आणि त्यातून तो घुमारा निघतो. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचे लावतात आणि ते छान वाजते. कोणी कानाशी येऊन ‘अस्सल जुने, घोरपडीचे’ म्हणू लागला तर तिथून निघा. विकणाऱ्याइतकाच घेणाराही अडकतो.

निवडताना आधी मातीकडे बघा. बोटाच्या पेराने मधोमध टिचकी मारा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, आणि तो बहुधा लहान तोंडाच्या मानेपाशी सापडतो. मग घुमट उजेडाकडे धरून लहान तोंडातून आत डोकवा. चामडे सगळीकडे सारखे उजळ दिसले पाहिजे. एका बाजूला गडद पट्टा असेल तर तिथे ते जाड राहिले आहे. पावसाळी हवेत चामडे सैल पडते, तेव्हा आवाज ढिला आला म्हणून लगेच नाकारू नका. विकणाऱ्याला म्हणा, जरा उन्हात ठेवून दाखव. तापल्यावरही आवाज उठला नाही तर दुसरे घ्या.

मातीच्या बाकीच्या भांड्यांनाही हीच टिचकी. हुमणासाठी, म्हणजे माशांच्या आमटीसाठी, कुंडले हे मातीचे भांडे घेणार असाल तर ओले बोट आतून फिरवा. बोटाला रंग लागला तर ते भांडे शोभेचे. चकचकीत वार्निश मारलेले तर चुलीवर चढवूच नका. घरी नेल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचे आणि पहिल्यांदा त्यात पेज मंद आचेवर उकळायची, कढी नव्हे.

आता समई. डिचोलीला कुंभारांइतकेच कांसारांचेही नाव आहे आणि मी इथलीच असल्यामुळे या बाबतीत थोडी पक्षपाती आहे, हे धरून चाला. आमच्याकडचा एक कांसार गिऱ्हाइकाला आधी विचारतो, ‘वात लावणार की शोकेसमध्ये ठेवणार?’ शोकेस म्हटले की तो हलकी, गुळगुळीत समई पुढे करतो आणि ती बाहेरगावची आहे हेही सांगून टाकतो. दुकानांतले पुष्कळ पितळ मुरादाबादहून येते. त्यात लबाडी नाही, फक्त तुम्ही विचारायला हवे.

वात लावायची असेल तर समई उलटी करा. ओतीव कामाच्या बैठकीच्या आत खडबडीतपणा असतो, कानशीचे ओरखडे असतात. पातळ पत्रा दाबून केलेली असेल तर आतूनही बाहेरच्यासारखीच गुळगुळीत दिसते. छोटे लोहचुंबक खिशात ठेवा; पितळेला ते चिकटत नाही, चिकटले तर आत लोखंड आहे. मग सगळे भाग आटे सोडवून सुटे करा आणि स्वतःच्या हाताने परत बसवा. आटे अडखळत असतील किंवा उभी केल्यावर दांडा एका अंगाला कलत असेल तर ती समई आयुष्यभर कललेलीच राहणार. शेवटी वरच्या ताटलीत पाणी भरून सरळ उभी ठेवा आणि तोवर दुसरे काही बघा. परत आल्यावर दांड्याच्या वरच्या कडेला बोट लावा. ओलसर लागले तर पुढे देवघरात तेलाचा ओघळ ठरलेला. हे सगळे करताना दुकानदार रागावत नाही, उलट जरा नीट बोलू लागतो. भाव विचारताना किलोचा दर वेगळा आणि मजुरी वेगळी सांगायला लावा. चकाकीसाठी लॅकर मारलेली समई टाळा. दिव्याच्या धगीने ते काळे पडते आणि मग निघता निघत नाही. साधी घ्या, चिंचेने किंवा बिंबल्यांनी, म्हणजे आमच्याकडच्या आंबट फळांनी, घासा.

दक्षिणेकडे जाणार असाल तर कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचे लाकूडकाम बघा: पाट, पाळणे. लाखेच्या कामात फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर बसते. म्हणून त्यावर ब्रशचे फराटे दिसत नाहीत आणि खाचांत रंग साचलेला नसतो. फराटे दिसले तर तो ऑइलपेंट. लाकडी फळे आणि भातुकली मात्र ‘गोव्याची’ म्हणून घेऊ नका, ती आमच्या शेजारच्या सावंतवाडीची. घ्या जरूर, नाव बरोबर सांगा.

पणजीत हाताने रंगवलेल्या आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या चिनीमातीच्या, फरशा मिळतात, घराच्या नावाच्या पाट्यांसाठी लोक त्या करून घेतात. आधी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी जाऊन पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासो यांची अशाच फरशांची १९३५ ची निळी भिंत बघून या, म्हणजे डोळा तयार होतो. मग दुकानात मोबाइलचा कॅमेरा झूम करून फरशीवर धरा. बारीक ठिपके ठिपके दिसले तर ते छापील. रंगवल्यावर भट्टीत भाजली का, एवढे विचाराच. न भाजलेला रंग दाराबाहेरच्या पावसात टिकत नाही.

कुणबी साडी, तीच ती लाल-पांढऱ्या चौकटींची, फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे आणली, आणि लगेच यंत्रमागाची नक्कलही आली. हातमागाच्या कापडाच्या काठावर ताण देणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांची बारीक भोके दिसतात. हातमागाचा शिक्का बघा. फिरायला वेळच नसेल तर हस्तकला महामंडळाच्या ‘अपरांत’ दालनात जा. भाव ठरलेला, पावती मिळते. जानेवारीत पणजीला लोकोत्सव भरतो, पण तिथे सगळ्या देशातले कारागीर येतात, म्हणून गाव विचारल्याशिवाय घेऊ नका.

घासाघीस किनाऱ्यावर खुशाल करा. बाजारात जमिनीवर सूप-रोवळ्या मांडून बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत मला पटत नाही. बांबूच्या चोया (पातळ पट्ट्या) काढण्यापासून सगळे तिने केलेले असते. दोन घेतल्यात तर ती स्वतःच काहीतरी कमी करते. शिंपले आणि प्रवाळ मात्र फुकट मिळाले तरी सोडा. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख त्याच १९७२ च्या कायद्यात येतात.

नेण्यासाठी वेगळे खोके शोधू नका. त्याच बाजारात बांबूची मोठी टोपली घ्या, तळाला भाताचा पेंढा घाला आणि मडकी उपडी एकात एक न घालता शेजारी शेजारी बसवा. समई सुटी करून कपड्यांच्या बॅगेत, ताटली वेगळ्या फडक्यात. घुमट हातातच ठेवा, चामड्यावर काही टेकणार नाही असे. थिवीहून रेल्वेने जाणार असाल तर टोपली सीटखाली जाते, मापून बघितलेली आहे.