बिदरी घेताय? आधी या चुका टाळा

दर दिवाळीनंतर आमच्या नौपाड्याच्या घरी कुणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एखादं राखाडी भांडं घेऊन येतं. "काका, याचा काळा रंग परत येईल का?" म्हणून पहिलं हेच सांगतो: बिदरी, म्हणजे कर्नाटकातल्या बीदरची चांदी जडवलेली काळी भांडी, घासू नका. चिंचेनं नको, लिंबानं नको, पितळेच्या पावडरीनं तर मुळीच नको.

बिदरीचं भांडं जस्ताचं असतं, तांबं नावापुरतं. त्यावर छिन्नीनं खाचा काढून चांदीची तार नाहीतर पत्रा ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळं पडतं, चांदी पांढरी राहते. लोक ज्याला मळ समजून घासतात, तीच अर्धी कारागिरी असते. आणि आंबट लागलं की जस्त झिजणारच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझं पहिलं पानदान मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून ऑफिसला गेलो. दिवाळीचे दिवस. आईनं समई, तांब्या, पळी-पंचपात्र यांच्याबरोबर तेही चिंचेत भिजवलं. संध्याकाळी मोठ्या कौतुकानं म्हणाली, "बघ कसं लखलखतंय!" लखलखत कसलं होतं, राख फासल्यासारखं दिसत होतं. तिला काय बोलणार, ओट्यावर मीच ठेवलेलं. पुढे बीदरला नेलं. कारागिरानं अर्ध्या तासात काळं करून दिलं, पण कडेच्या दोन बारीक तारा सुटल्या त्या सुटल्याच, आणि शंभर वर्षांच्या हातांनी आलेला मऊपणाही गेला. आता मी मऊ सुती कापडानं पुसतो, वर्षातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवतो. बस्स.

दुसरी चूक: काळं आणि चंदेरी दिसलं की बिदरी. भाचा वाशीला राहतो. त्यानं 14 हजारांना "निजामाच्या काळातली" सुरई आणली. मी हातात घेतली आणि तिथंच समजलो, कारण ती रिकाम्या प्लॅस्टिकच्या जगसारखी हलकी. जस्ताची घनता 7च्या वर, ॲल्युमिनियमची 2.7, म्हणजे तेवढीच बिदरी सुरई अडीचपट जड हवी. बुडाशी कानस मारली, आतून पांढराशुभ्र धातू निघाला. मग घड्याळजीचं भिंग लावलं. खऱ्या कामात तार खाचेत बसलेली दिसते, कुठे किंचित जाड, कुठे बारीक, आणि निघाली असेल तिथे रिकामी खाच उरते. भाच्याच्या सुरईवर खाचच नव्हती, वरून चंदेरी रंग फिरवलेला. "पण मामा, दुकानदारानं बिल दिलंय ना!" बिलावर काय लिहिलं होतं? "शोपीस, 1 नग".

नवी बिदरी म्हणजे नकली नव्हे. बीदरला आजही उत्तम काम होतं, ते नव्याच्या भावानं जरूर घ्या. फसवणूक होते ती नव्याला जुनं म्हणून विकण्यात. बूटपॉलिश चोळून आणलेलं जुनेपण कापसाच्या बोळ्याला लागतं.

आकारही बघत चला. हुक्क्याचं गोल भांडं आधीचं, घंटेसारखं त्यानंतरचं. 19व्या शतकात साहेबलोकांसाठी ट्रे, फुलदाण्या होऊ लागल्या. 1851च्या लंडनच्या प्रदर्शनात बिदरी होती. त्यामुळे फुलदाणी दाखवून कोणी "बहामनी काळातली" म्हणाला तर हसून चहा प्या आणि निघा.

फोटोवरून विकत घेऊ नका.

विकणाऱ्यानं सांगितलेल्या घराण्याच्या गोष्टीला शून्य किंमत द्या.

चार महिन्यांत "कलेक्शन" उभं करायची घाई असेल तर शेअर घ्या. मी पहिलं वर्ष काहीच विकत घेतलं नव्हतं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दोन दिवस काचेला नाक लावून उभा होतो, पहारेकऱ्याला संशय येईपर्यंत.

आणि अमेरिकेतल्या लेकीला भेट म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं भांडं बॅगेत टाकू नका. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तिला बीदरचं नवं पाठवा, पक्क्या बिलासकट.